अनुपलब्धी आणि शोध : ‘तरुण’ अतिनवताऱ्यांच्या परिभाषेची चिकित्सा

१

मराठीत ‘शोध’ हा शब्द दोन भिन्न क्रियांना पुरतो. हरवलेल्या वस्तूचा शोध घेतला जातो, आणि ती सापडली म्हणजे तिचा शोध लागला असे म्हटले जाते. यत्न आणि फल ह्यांना एकच नाम असून त्यांतील भेद केवळ जोडीच्या क्रियापदाने दाखविला जातो. त्यातही ‘शोध लावणे’ आणि ‘शोध लागणे’ ह्यांत पुन्हा अंतर आहे. पहिल्यात कर्ता आपल्या कर्तृत्वासह उभा असतो, दुसऱ्यात तो वाक्यातून निघून जातो. नित्याच्या व्यवहारात ही संदिग्धता अडचण करीत नाही, कारण शोध घेणारा, लावणारा आणि तो जाहीर करणारा बहुधा एकच असतो. परंतु ज्या क्षेत्रात ह्या क्रिया निरनिराळ्या माणसांत आणि यंत्रांत वाटल्या गेल्या आहेत, तेथे नेमक्या कोणत्या क्रियेला ‘शोध’ म्हणावयाचे हा प्रश्न केवळ शब्दांचा राहत नाही. तो पुराव्याचा होतो. ताऱ्यांच्या अंतिम स्फोटांचा, म्हणजेच अतिनवताऱ्यांचा, स्फोटानंतरच्या पहिल्या काही तासांत स्वयंचलित दुर्बिणींनी घेतला जाणारा वेध हे असे क्षेत्र होय.

ह्या विषयावरील निवेदनांत तीन शब्द वारंवार भेटतात : ‘नव’, ‘शोध’ आणि ‘तरुण’. तिन्ही शब्द विधायक आहेत. काहीतरी आहे, सापडले आहे, कोवळ्या वयाचे आहे, असे ते सांगतात. वस्तुतः तिघांचाही आधार एका निषेधवाक्यावर आहे. ‘काल येथे काही नव्हते’ हे ते वाक्य होय. ह्या वाक्याचे जेवढे मूल्य आहे तेवढे स्थान त्याला परिभाषेत मिळालेले नाही, आणि न मिळाल्यामुळे प्रत्यक्ष निष्कर्षांच्या बाबतीतही सावधगिरी सुटण्याचा संभव आहे, असे दाखविणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रथम ‘नव’ ह्या शब्दाचा विचार करावयाचा. १५७२ साली शर्मिष्ठा तारकासमूहात अकस्मात प्रकटलेल्या ताऱ्याविषयी टायको ब्राहे ह्याने पुढील वर्षी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या नावातच ‘नवा तारा’ हा लॅटिन शब्दप्रयोग होता. त्यातील ‘नोव्हा’ हा शब्द पाश्चात्य ज्योतिषात रूढ झाला. वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी ह्यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत सामान्य नवताऱ्यांहून कितीतरी पटींनी तेजस्वी अशा वर्गासाठी त्याला ‘सुपर’ हा उपसर्ग जोडला. मराठीतील ‘अतिनवतारा’ हे त्याचेच भाषांतर. परंतु जो तारा नवा म्हणून ओळखला जातो तो नवा नसतो. त्याचे आयुष्य संपत असते. शब्द जन्म सांगतो आणि घटना मृत्यूची आहे.

१०५४ साली दिसलेल्या अशाच एका ताऱ्याला चिनी दरबारातील ज्योतिष्यांनी ‘अतिथी तारा’ म्हटले होते. ही संज्ञा अधिक सावध आहे. आलेला पाहुणा नवा जन्मला असा दावा तीत नाही. तो काल घरात नव्हता एवढेच ती सांगते. ‘ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी’ ही आपल्याकडील परंपरागत व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होण्यासारखी नसली, तरी ह्या ताऱ्यांच्या बाबतीत ती अन्वर्थक ठरते. अतिनवतारा कोणत्या रात्री, कोणत्या दीर्घिकेत प्रकटेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून त्याला पहिल्या तासांत गाठावयाचे तर पुष्कळ आकाश पुन्हा पुन्हा पाहत राहणे एवढाच मार्ग उरतो. स्वयंचलित दुर्बिणींचे प्रयोजन येथून सुरू होते.

पहिल्या तासांचा आग्रह मात्र केवळ विक्रमासाठी नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये आढळलेला २०१३ एफएस हा अतिनवतारा स्फोटानंतर सुमारे तीन तासांनी दिसला आणि सुमारे सहाव्या तासापासून त्याचे वर्णपट घेतले गेले. त्या वर्णपटांत अत्यंत तप्त ऑक्सिजनच्या रेषा होत्या. काही दिवसांतच त्या नाहीशा झाल्या. ओफर यारॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांवरून असे अनुमान काढले, की ह्या ताऱ्याने स्फोटापूर्वीच्या शेवटच्या सुमारे वर्षभरात आपल्याभोवती दाट द्रव्य फेकले होते. स्फोटाचा लोंढा पुढे सरकला की हे द्रव्य त्यात बुडून जाते. ताऱ्याच्या अखेरच्या वर्षाची साक्ष देणारा दुसरा साक्षीदार नाही, आणि हा साक्षीदार दोन-चार दिवसांत मुका होतो. एक आठवड्याने लागलेला शोध हा ह्या दृष्टीने निम्माच शोध होय.

३

आता ‘शोध’ ह्या क्रियेच्या कर्त्याकडे वळावे. झ्विकीने १९३६ साली पॅलोमार पर्वतावर १८ इंची श्मिट दुर्बीण लावून शोधमोहीम आरंभिली, तेव्हा छायाचित्रांच्या काचा एकमेकींशी ताडून पाहणे हे माणसाच्या डोळ्याचे काम होते. पुढे ऑस्ट्रेलियातील धर्मोपदेशक रॉबर्ट एव्हान्स ह्यांनी शेकडो दीर्घिकांची रूपे स्मरणात ठेवून, केवळ दुर्बिणीला डोळा लावून, चाळिसाहून अधिक अतिनवतारे हेरले. ह्या दोन्ही उदाहरणांत पाहणारा, ओळखणारा आणि सांगणारा एकच आहे. ‘शोध लावला’ हे सकर्मक क्रियापद तेथे पूर्णपणे शोभते.

यंत्राकडे हे काम सोपविण्याचे यत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले; १९८६ साली कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या स्वयंचलित मोहिमेला पहिले यश आले. तथापि क्रियेची खरी वाटणी दिसून येते ती २००९ साली सुरू झालेल्या ‘पॅलोमार ट्रान्झिएंट फॅक्टरी’ ह्या प्रकल्पात. झ्विकीच्याच पर्वतावरील ४८ इंची श्मिट दुर्बीण तिने वापरली, आणि तिचे नेतृत्व कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी ह्यांच्याकडे होते. येथे दुर्बीण ठरलेल्या क्रमाने आकाशाचे तुकडे टिपते. संगणक त्या चित्रातून त्याच भागाचे जुने चित्र वजा करतो. बाकी राहिलेल्या ठिपक्यांपैकी बहुतेक खोटे असतात : वैश्विक किरणांचे ओरखडे, प्रकाशिकेतील प्रतिबिंबे, वजाबाकीतील चुका. खऱ्याखोट्याची निवड करण्यासाठी माणसांनी आधी निवडून ठेवलेल्या उदाहरणांवरून शिकविलेली गणनपद्धती वापरली जाते. तिने वर आणलेली मोजकी नावे माणूस पाहतो आणि इतर दुर्बिणींकडे वर्णपटाची मागणी करतो.

वेध, छाननी, निवेदन आणि निश्चिती अशा ह्या चार क्रिया आहेत. त्यांपैकी कोणती म्हणजे शोध? ह्या प्रश्नाला सोयीस्कर उत्तर असे दिले जाते, की यंत्र घेते आणि माणूस लावतो. पण हे उत्तर टिकत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये २०२३ टीवायके ह्या अतिनवताऱ्याच्या बाबतीत छाननी, वर्णपटाची मागणी, वर्गनिश्चिती आणि जाहीर निवेदन ह्या सर्व पायऱ्या मानवी हस्तक्षेपाशिवाय पार पडल्या. तेथे ‘शोध लावला’ म्हणण्यास व्याकरणातील कर्ता मिळत नाही. ‘शोध लागला’ हेच रूप उरते. मराठीने हे अकर्तृक रूप आधीच घडवून ठेवले आहे, आणि कदाचित ते प्रामाणिकही आहे.

४

परंतु कर्ता कोण ह्यापेक्षा अधिक महत्त्वाचा प्रश्न प्रमाणाचा आहे. त्यासाठी २०११ एफई ह्या अतिनवताऱ्याचे उदाहरण सविस्तर पाहणे इष्ट होईल.

२४ ऑगस्ट २०११ रोजी उपरोक्त प्रकल्पाच्या चित्रांत सप्तर्षींच्या परिसरातील मेसिए १०१ ह्या दीर्घिकेत १७.३५ प्रतीचा एक ठिपका आढळला. पीटर न्यूजेंट ह्यांनी तो ओळखून इतर वेधशाळांना कळविले. काही तासांतच कॅनरी बेटांतील ला पाल्मा येथील लिव्हरपूल दुर्बिणीने, जी स्वतःही यंत्रचालित आहे, त्याचा वर्णपट घेतला. हा अतिनवतारा ‘आयए’ वर्गाचा, म्हणजे श्वेत बटूच्या स्फोटातून निर्माण होणाऱ्या वर्गाचा, होता. विश्वाच्या प्रसरणाचे मापन ह्याच वर्गावर आधारलेले आहे. त्या मापनासाठीच त्या वर्षीचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक दिले गेले. साहजिकच अवघ्या सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवर, म्हणजे खगोलीय हिशोबाने शेजारी, असा एखादा स्फोट इतक्या आरंभी सापडणे ही मोठी घटना ठरली.

ह्या घटनेचे मर्म मात्र २४ तारखेच्या चित्रात नाही. ते २३ तारखेच्या चित्रात आहे, आणि २३ तारखेच्या चित्रात त्या जागी काहीही नाही. सुमारे २१.५ प्रतीपर्यंतचा प्रकाश टिपू शकणाऱ्या त्या चित्रात ठिपका नसल्यामुळेच दुसऱ्या दिवशीच्या ठिपक्याला ‘नवा’ म्हणता आले. एका अहोरात्रात तेज निदान चाळीसपट वाढले हे विधान दोन वेधांतून निघालेले नाही. एक वेध आणि एक अभाव ह्यांतून ते निघालेले आहे.

भारतीय प्रमाणशास्त्राच्या अभ्यासकाला येथे ओळखीची वाट दिसेल. ‘भूतलावर घट नाही’ हे ज्ञान कशाने होते, ह्या प्रश्नावर भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी आणि प्राभाकरांनी ते स्वतंत्र म्हणून स्वीकारले नाही. तो वाद येथे सोडवावयाचा नाही. महत्त्वाची आहे ती त्या चर्चेतून निष्पन्न झालेली अट. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही असे म्हणता येत नाही. तो असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तरच त्याचे न दिसणे हे प्रमाण होते. ह्यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. दुर्बिणीच्या प्रत्येक चित्राबरोबर जी मर्यादा-प्रत नोंदविली जाते, ती ह्या योग्यतेचीच संख्यात्मक नोंद आहे. प्राचीनांना आधुनिक वेधशास्त्र अवगत होते असा ह्याचा अर्थ मुळीच नाही. निषेधवाक्य केव्हा पुरावा होते ह्याचे तर्कशास्त्र दोन्हीकडे एक आहे, इतकेच.

ह्या दृष्टीने पाहता स्वयंचलित दुर्बिणीचा विशेष वेगळ्याच ठिकाणी असल्याचे ध्यानात येते. ती अधिक पाहते हा तिचा गुण खराच. पण तिच्या न पाहण्याची नोंद विश्वासार्ह असते हा त्याहून मोठा गुण होय. एव्हान्ससारख्या निरीक्षकाने एखाद्या दीर्घिकेत काल काही पाहिले नसेल, तर त्या न पाहण्याची खोली किती हे सांगणे कठीण असते. यंत्राने काही पाहिले नाही, तर ते किती प्रतीपर्यंत पाहिले नाही हे सांगता येते.

अनुपलब्धीचे सामर्थ्य कुठवर जाते ह्याचे उत्तम उदाहरण ह्याच अतिनवताऱ्याने पुरविले. मायोर्का बेटावरील एका लहान यंत्रचालित दुर्बिणीने मेसिए १०१ चे चित्र घेतले होते. गणिताने ठरविलेल्या स्फोटक्षणानंतर ते सुमारे चार तासांचे होते, आणि त्यातही काही दिसत नव्हते. जोशुआ ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ह्या रिकाम्या जागेवरून असे दाखविले, की फुटलेल्या ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे दोन शतांशांहून कमी असली पाहिजे. मोठा तारा असता तर त्याचा धगधगता पृष्ठभाग तेवढ्या वेळात दिसलाच असता. एका तपशिलाच्या अभावावरून एका ताऱ्याचा आकार ठरला.

५

येथेच तिसऱ्या शब्दाची, ‘तरुण’ ह्या शब्दाची, परीक्षा करावी लागते. मराठीत तरुण म्हणजे बालपण ओलांडलेला. काही तासांच्या जीवाला कोणी तरुण म्हणत नाही. इंग्रजीतील विशेषणाची व्याप्ती शैशवापासून यौवनापर्यंत असल्यामुळे भाषांतरात हा विसंवाद शिरला. तथापि तो लहान दोष आहे. मोठा दोष असा, की ‘अकरा तासांचा अतिनवतारा’ हे वाक्य मोजलेल्या वस्तुस्थितीसारखे ऐकू येते.

ते मोजलेले नाही. २०११ एफईचे तेज आरंभी काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत गेले असे गृहीत धरून वाढीची रेषा मागे नेली, आणि तेज जेथे शून्य होते तो क्षण स्फोटाचा मानला. त्यावरून पहिला वेध स्फोटानंतर सुमारे अकरा तासांनी झाला असे निघाले. पुढे अँथनी पिरो आणि एहुद नाकार ह्यांनी असे निदर्शनास आणले, की ह्या वर्गाच्या स्फोटात तेज निर्माण करणारे किरणोत्सारी निकेल पुष्कळ खोलवर असेल, तर स्फोट आणि प्रकाश बाहेर पडू लागणे ह्यांमध्ये एक काळोखा कालखंड जाऊ शकतो. मग तेजाचा आरंभ आणि स्फोटाचा आरंभ हे एक राहत नाहीत. मायोर्का येथील चित्र स्फोटानंतर चार तासांचे आहे ही समजूतही त्याबरोबर हलते, आणि त्रिज्येवर घातलेली मर्यादा शिथिल होते.

अनुपलब्धी तीच, चित्र तेच. बदलले ते केवळ ‘वय’. म्हणजे ‘काल येथे काही नव्हते’ हे वाक्य जितके पक्के आहे, तितके ‘हा अकरा तासांचा आहे’ हे वाक्य पक्के नाही. पहिले वेधाचे आहे, दुसरे वेध आणि सिद्धांत ह्यांच्या संकराचे आहे. निवेदनाच्या भाषेत मात्र दुसऱ्याला मथळा मिळतो आणि पहिले तपशिलात जाते. मूळ निबंधकर्त्यांनी आपले गृहीत लपविलेले नाही, हे येथे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु संख्या जेव्हा निबंधातून बाहेर पडून पाठ्यपुस्तकांत आणि वार्तांत जाते, तेव्हा गृहीत मागे राहते.

६

नामकरणाच्या पद्धतीतही असाच अर्थबदल घडून आला आहे. अतिनवताऱ्यांना वर्ष आणि अक्षरे ह्यांनी नाव देण्याची प्रथा जुनी आहे. पहिल्या सव्वीसांना एक अक्षर, नंतर दोन, नंतर तीन. ह्या क्रमाने मोजल्यास ‘२०११ एफई’ हे नाव त्या वर्षातील १६१ वे ठरते. ‘२०२३ आयएक्सएफ’ हे नाव त्याच पद्धतीने ६७१४ वे ठरते, आणि ते १९ मे रोजीच दिले गेले. ह्या दोन संख्यांवरून अतिनवताऱ्यांच्या शोधात चाळीसपट वाढ झाली असा निष्कर्ष काढणे मोहक असले तरी चूक होय. २०११ साली अक्षर मिळे ते निश्चिती झालेल्या अतिनवताऱ्याला. २०१६ पासून आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या नव्या नोंदणीत, निवेदन दाखल होताच नाव मिळते. तेव्हा नावाआधी ‘एटी’ ही, केवळ क्षणिक खगोलीय घटना सुचविणारी, अक्षरे असतात. वर्णपटाने निश्चिती झाली की त्यांच्या जागी ‘एसएन’ येते. बहुसंख्य नावे पहिल्याच अवस्थेत राहतात, कारण तेवढे वर्णपट घेण्यास दुर्बिणी पुरत नाहीत. अक्षरे तीच राहिली आणि त्यांचा वाच्यार्थ बदलला.

ह्या व्यवस्थेचा एक गुण निश्चितच वाखाणण्यासारखा आहे. निवेदनाच्या नमुन्यात ‘शेवटची अनुपलब्धी केव्हा आणि किती प्रतीपर्यंत’ हा रकाना ठेवलेला आहे. निषेधवाक्याला औपचारिक स्थान मिळाले ते येथे.

त्याचे महत्त्व २०२३ आयएक्सएफनेच पटविले. हा अतिनवतारा बारा वर्षांनी पुन्हा त्याच मेसिए १०१ मध्ये प्रकटला. पण तो यंत्रांच्या जाळ्याने नव्हे, तर कोइची इतागाकी ह्या जपानी हौशी निरीक्षकाने कळविला. त्यानंतर इतर हौशी निरीक्षकांनी आपापली चित्रे तपासली, तेव्हा त्यांपैकी काहींत तो आदल्या तासांतच उमटलेला आढळला. तो उपलब्ध होता, पण वाचला गेला नव्हता. त्याहूनही आधीच्या रिकाम्या चित्रांनी स्फोटाचा क्षण अधिक अरुंद मर्यादेत आणला. अर्थात यंत्र आणि हौशी माणूस ह्यांची स्पर्धा हा ह्या घटनेचा आशय नव्हे. ज्याने चित्र जपून ठेवले, वेळ लिहून ठेवली आणि मर्यादा नोंदविली, त्याचे न पाहणेही उपयोगी पडले, हा तिचा आशय आहे.

७

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. यंत्राची अनुपलब्धी खरोखर योग्य असते काय? चित्रात ठिपका असूनही छाननी करणाऱ्या गणनपद्धतीने तो खोटा म्हणून टाकला असेल, तर ‘आढळले नाही’ ह्याचा अर्थ आकाशात नव्हते असा होत नाही. चाळणीतून वर आले नाही एवढाच होतो. शिवाय ही चाळणी माणसांनी पूर्वी खरे मानलेल्या उदाहरणांवर घडलेली असते. ज्याच्यासारखे पूर्वी काही दिसले नाही, ते ती टाकून देण्याचा संभव अधिक. खरोखर नव्यालाच ‘नव’ हे विशेषण नाकारले जाईल, असा हा धोका आहे.

आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तरही ह्याच शास्त्राने शोधले आहे. खऱ्या चित्रांत ज्ञात तेजाचे कृत्रिम तारे मिसळावयाचे आणि त्यांपैकी किती चाळणीतून वर येतात ते मोजावयाचे, अशी पद्धत रूढ आहे. प्रमाणशास्त्राच्या भाषेत, घट ठेवून तो दिसतो की नाही हे आधी पाहिल्यानंतरच ‘घट नाही’ असे म्हणावयाचे. मात्र कृत्रिम ताराही ज्ञात घटनेच्या नमुन्यावरच बनतो. अज्ञाताविषयीची योग्यता त्याने सिद्ध होत नाही. ही मर्यादा राहणार.

प्रश्नाची निकड वाढत आहे. चिलीतील सेरो पाचोन येथील ८.४ मीटर व्यासाच्या रुबिन दुर्बिणीची पहिली चित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. एका रात्रीत एक कोटीपर्यंत बदलांच्या सूचना देता याव्यात अशी तिची आखणी आहे. इतक्या सूचना माणूस वाचणार नाही. लडाखमधील हान्ले येथे भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि मुंबईचे भारतीय तंत्रज्ञान संस्थान ह्यांनी उभारलेली ०.७ मीटरची यंत्रचालित दुर्बीण अशा काळात विशेष उपयोगाची ठरते, कारण कॅलिफोर्नियात दिवस असतो तेव्हा हान्लेला रात्र असते. ‘नव्हते’ आणि ‘आहे’ ह्यांमधील अंतर कमी करण्यास रेखांशाचे अंतर कामी येते.

परिभाषेच्या दृष्टीने ह्यातून दोन सूचना निघतात. मराठीत ह्या विषयावर लिहिताना ‘शोध’ हा एकच शब्द चारही क्रियांवर घालण्याऐवजी वेध, छाननी, निवेदन आणि निश्चिती असा भेद पाळावा. आणि ‘तरुण’ हे विशेषण वापरावयाचेच असेल, तर ‘अमुक वेळी अमुक प्रतीपर्यंत अनुपलब्ध’ हे शब्द त्याच वाक्यात यावेत, आणि वय कोणत्या गृहीतावर काढले तेही सांगावे. वाक्य लांबेल, हे खरे. पण २३ ऑगस्ट २०११ च्या चित्रातील रिकामी जागा त्या लांबीला पात्र आहे.